दाढ दुखायची थांबली आणि सूज वाढली: टाळेबंदीतील एका दंत-आणीबाणीचे प्रकरण

एप्रिल २०२० मधले हे प्रकरण मी दंतवैद्यकाच्या इंटर्नना वाचायला देते. रुग्णाचे नाव बदलले आहे. कारखाना, तालुका आणि रुग्णालये यांची ओळख काढून टाकली आहे. वाचून झाल्यावर बहुतेकांचे पहिले उत्तर ठरलेले असते: दवाखाने बंद होते, म्हणून बाई मरता मरता वाचली. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. या बाईला सहा दिवसांत पाच जणांनी गोळी, सुई किंवा सल्ला दिला. औषधाची वानवा नव्हती. तिचे तोंड उघडून आत पाहिले ते मात्र पाचव्या माणसाने, सहाव्या दिवशी.

पार्श्वभूमी

सुमन, वय चौतीस, बीड जिल्ह्यातली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीतली एक जोडी, बरोबर दोन मुले. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यावर ऊसतोडीला आलेले. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात उसाचे हाल झाले होते आणि त्या वर्षीचा हंगाम उशिरा सुरू झाला. मार्चअखेरीस गाळप संपत आले, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. जिल्ह्यांच्या सीमा बंद. राज्यभरात लाखाच्या वर ऊसतोड कामगार असे कारखान्यांच्या आवारात आणि फडाशेजारच्या कोप्यांमध्ये अडकले. काम नाही, घर नाही. कारखान्याने दिलेला शिधा आणि नळावरचे पाणी, यावर दिवस चाललेले.

सुमनची खालची डावी दुसरी दाढ किडलेली होती, तीही काही वर्षांपासून. जानेवारीत ती एकदा जोरात दुखली होती. दवाखान्यात जायचे तर खाडा पडतो, आणि खाडा एकाचा नसतो, पुऱ्या कोयत्याचा असतो. त्यामुळे लवंग, मशेरी आणि दाढेच्या खड्ड्यात दाबलेली तंबाखूची चिमूट, एवढ्यावर तिने ती वेळ मारून नेली. रक्तातली साखर आयुष्यात कधी तपासलेली नव्हती. तहान फार लागते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते, हे तिने सांगितले ते रुग्णालयात, कोणीतरी विचारल्यावर.

आता दंतसेवेचे चित्र पाहू. २४ मार्चच्या केंद्राच्या आदेशात रुग्णालये, दवाखाने आणि औषधांची दुकाने यांना सूट होती. कागदावर दंतवैद्यही बंद नव्हते. व्यवसायातल्या सूचनांचा मथितार्थ होता की नेहमीचे उपचार थांबवा, तातडीचे तेवढे करा. प्रत्यक्षात तालुक्यातल्या खासगी दंतचिकित्सालयांची शटरे खाली होती. त्यामागे निव्वळ भित्रेपणा होता असे मला वाटत नाही. एअरोटर (दात कोरण्याचे यंत्र) चालू केला की पाण्याचा, लाळेचा फवारा हवेत उडतो आणि दंतवैद्याचा चेहरा रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. वुहानहून आलेल्या दंतवैद्यकीय लेखांनी ही भीती नेमक्या शब्दांत मांडली होती. एन-९५ मास्क मिळत नव्हते, मिळाले तर किंमत ऐकून हात मागे यायचा. साहाय्यक मुली गावाकडे अडकल्या होत्या.

सरकारी बाजूला जिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखीव केलेले. ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सकाचे पद होते, माणूसही होता, पण त्याची नेमणूक घशाचे स्वॅब घेण्यावर झालेली आणि दंत विभागाला कुलूप. त्या काळात राज्यात ठिकठिकाणी दंतवैद्य स्वॅबच्या कामावर होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिले चार दिवस

१३ एप्रिलला, सोमवारी, दाढ पुन्हा दुखायला लागली. नवरा जवळच्या गावातल्या मेडिकलमध्ये गेला. 'दाढेची गोळी द्या' म्हटल्यावर दुकानदाराने वेदनाशामक आणि दोन दिवसांच्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल सुट्या करून दिल्या. हे आपल्याकडे टाळेबंदीआधीही रोज घडत होते, आजही घडते.

दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिलला सकाळी, टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली. दुपारी कारखान्याच्या चिटबॉयने, म्हणजे ऊसतोडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याने, ओळखीतल्या एका दंतवैद्याला फोन लावून दिला. संभाषण चौघांमध्ये झाले: सुमन नवऱ्याला सांगणार, नवरा चिटबॉयला, चिटबॉय डॉक्टरांना. डॉक्टरांनी कुठली दाढ, किती दिवस, सूज आहे का, एवढे विचारले. 'थोडी आहे' असे उत्तर गेले. तोंड किती उघडते, घोट गिळता येतो का, हे विचारले गेले नाही. फोटोही मागवला नाही. व्हॉट्सॲपवर चिठ्ठी आली: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, मेट्रोनिडॅझोल, वेदनाशामक, पाच दिवस. वर निरोप, की दाढ ३ मेनंतर काढू, कमी नाही वाटले तर फोन करा.

चिठ्ठी औषध म्हणून बिनचूक होती. मात्र पाच दिवसांच्या गोळ्यांचे पैसे नवऱ्याकडे नव्हते. त्याने निम्म्याच घेतल्या, आणि हे डॉक्टरांना कळवण्याचे कोणाला सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी ठणका असह्य झाला. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. तिथल्या कंपाउंडरने वेदनेची सुई टोचली. रात्री ती बसून राहिली.

चौथ्या दिवशी ठणका ओसरला. 'आता बरं हाय' असे तिने स्वतः चिटबॉयला सांगितले, आणि तो निरोप दंतवैद्यापर्यंत पोहोचला. सगळ्यांनाच हायसे वाटले.

इंटर्ननी इथे थांबावे असा माझा आग्रह असतो. दाढेच्या मुळाशी पू साठतो तेव्हा तो हाडात कोंडलेला असतो, म्हणून ठणका असतो. हाड पोखरून पू बाहेर मऊ भागात उतरला की दाब कमी होतो आणि वेदना झपाट्याने उतरते. रुग्णाला वाटते औषध लागू पडले. खालच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेच्या मुळांची टोके बहुधा जबड्याच्या आतल्या बाजूला, तोंडाचा तळ धरणारा मायलोहायॉइड स्नायू जिथे चिकटतो त्या रेषेच्याही खाली असतात. तिथून बाहेर पडलेला पू हिरडीवर फोड होऊन दिसत नाही. तो जबड्याखालच्या पोकळीत जातो, तिथून जिभेखाली, हनुवटीखाली आणि पलीकडच्या बाजूला. वेदना कमी आणि सूज जास्त, हे लक्षण धोक्याचे आहे. सुमनच्या बाबतीत तेच सुधारणा म्हणून नोंदले गेले.

परतीचा आदेश

१७ एप्रिलला राज्य सरकारने अडकलेल्या ऊसतोड कामगारांना वैद्यकीय तपासणी करून गावी सोडण्याची परवानगी दिली. कारखान्यावर अक्षरशः धावपळ उडाली. याद्या, ट्रक, सरपंचांना फोन. तपासणी म्हणजे मुख्यतः ताप पाहणे आणि खोकला-सर्दी विचारणे. ज्याला ताप निघेल तो मागे राहणार, अलगीकरणात जाणार, आणि त्याच्याबरोबर कदाचित सगळी टोळी अडकणार.

त्याच संध्याकाळी सुमनला थंडी वाजून ताप भरला. हनुवटीखाली सूज आलेली, पण पदराने तोंड झाकलेले. त्या दिवसांत तोंड झाकलेल्या बाईकडे कोण वळून पाहणार? टोळीला कामावर आणणाऱ्या मुकादमाला ताप कळला. त्याने दोन क्रोसिन आणून दिल्या आणि उद्या रांगेत जायच्या तासभर आधी घे असे बजावले.

मुकादमाला खलनायक करणे सोपे आहे. त्याच्यापुढे ट्रकभर माणसे होती, तीन आठवडे घरची वाट पाहणारी. तापाचा एकच अर्थ त्या दिवशी कोणालाही ठाऊक होता.

तपासणीची रांग

१८ एप्रिलला सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि दोन आशाताई कारखान्याच्या आवारात टेबल मांडून बसले. थर्मल गनने सुमनच्या कपाळावर ताप दाखवला नाही. परिचारिका पुढचे नाव घेणार, तेवढ्यात टेबलामागून डॉक्टरांनी तिला नाव विचारले. उत्तर आले ते घोगरे, बोजड, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखे. त्यांनी पदर बाजूला करायला सांगितला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, कारण गिळता येत नव्हते. तोंड उघडायला सांगितल्यावर जेमतेम एक बोट मावेल एवढे उघडले. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात.

त्यांनी तिला रांगेबाहेर खुर्चीवर बसवले आणि ग्लुकोमीटर लावला: साखर ३४०. काखेतला पारा थोड्या वेळाने १०१ च्या वर गेला.

रोज शेकडो कपाळांवर गन रोखणाऱ्या माणसाने एकीचा आवाज ऐकावा, ही या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट आहे असे मला वाटते. नंतर त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले की दाढेचा विचार मनात आलाच नव्हता, घटसर्प असेल असे वाटले होते.

समोरचे पर्याय

वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे त्या वेळी पाच वाटा होत्या, आणि एकही सरळ नव्हती.

ताप आहे, म्हणजे संशयित कोविड. नियमाप्रमाणे तिला तालुक्याच्या अलगीकरण केंद्रात पाठवायचे आणि स्वॅबचा अहवाल येईपर्यंत थांबायचे. कागदोपत्री हे निर्दोष. नमुना दुसऱ्या शहरात जायचा आणि अहवालाला दीड-दोन दिवस लागायचे. जिल्हा रुग्णालय कोविडचे. तिथे बिगर-कोविड रुग्ण पाठवणे म्हणजे नसलेला संसर्ग देणे, शिवाय तिथले शस्त्रक्रियागृह बंद. शहरातल्या एका खासगी रुग्णालयाने फोनवर आधी निगेटिव्ह अहवाल मागितला. ग्रामीण रुग्णालय जवळ होते, पण तिथे भूलतज्ज्ञ नव्हता. उरले शेजारच्या जिल्ह्यातले वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, जिथे मुख-शल्यविभाग, कान-नाक-घसा विभाग आणि भूलतज्ज्ञ एका छताखाली होते. अंतर सुमारे दीड तासाचे, मध्ये जिल्ह्याची सीमा आणि नाकाबंदी.

सहावा पर्याय कोणीतरी सुचवलाच: शिरेतून अँटिबायोटिक सुरू करून एक दिवस इथेच पाहू.

त्यांनी ग्रामीण रुग्णालयात फोन करून स्वॅबच्या टेबलावरच्या दंतशल्यचिकित्सकाला बोलावले. तो पीपीई किट घालून आला, पाच मिनिटे पाहिले. दोन्ही बाजूंना जबड्याखाली सूज, दाबून पाहिली तर लाकडासारखी कडक. जीभ वर उचललेली. जिभेखालचा भाग फुगलेला. निदान त्याने जागेवर सांगितले: लुडविग्स अंजायना, म्हणजे जबड्याखाली आणि जिभेखाली दोन्ही बाजूंना पसरलेली लागण. १८३६ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी वर्णन केलेला हा आजार, आणि त्यात माणूस बहुधा पुवाने न मरता श्वास कोंडून मरतो. एक दिवस पाहण्याचा पर्याय तिथेच बाद झाला. दंतवैद्याचे शब्द वैद्यकीय अधिकाऱ्यांनी चिठ्ठीतही उतरवले आहेत: 'आडवे झोपवू नये. बसवूनच न्यावे.' आडवे केले की सुजलेली जीभ मागे पडते. १०८ च्या रुग्णवाहिकेतली माणसे सवयीने स्ट्रेचर पुढे करतात. ही ओळ नसती तर त्यांनी तेच केले असते.

निघण्याआधी आणखी एक निर्णय कुटुंबाला घ्यायचा होता. ट्रक दुपारी सुटणार होता. नवरा बायकोबरोबर रुग्णवाहिकेत बसला. दोन्ही मुले चुलतीबरोबर ट्रकमध्ये बीडला गेली. या निर्णयासाठी त्यांना पंधरा मिनिटेही मिळाली नसतील.

नाकाबंदीवर रुग्णवाहिका थांबवली गेली. आरोग्य केंद्राच्या लेटरहेडवरची चिठ्ठी, त्यावर निदान आणि 'श्वासमार्गास धोका' हे मराठीत लिहिलेले शब्द. पोलिसांनी वाचून सोडले. निदान फक्त इंग्रजीत असते तर तिथेच फोनाफोनी सुरू झाली असती, असे चालक नंतर म्हणाला.

रुग्णालयात

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आधी फोन केला होता, त्यामुळे दारात वाद झाला नाही. तिला संशयित समजून वेगळ्या मार्गाने आत घेतले, स्वॅब घेतला, आणि अहवालाची वाट न पाहता तयारी सुरू केली. संशयितासाठीची सगळी खबरदारी घ्यायची, पण उपचार अहवालाला बांधायचा नाही, हे त्या विभागाने आदल्याच आठवड्यात आपसांत ठरवून ठेवले होते.

खरी चर्चा श्वासमार्गावर झाली. पाठ्यपुस्तकाप्रमाणे रुग्ण जागा ठेवून नाकातून फायबरऑप्टिक दुर्बिणीने नळी घालणे हा सुरक्षित मार्ग. पण त्यात खोकला अटळ, आणि खोकणारा संशयित रुग्ण म्हणजे खोलीतल्या प्रत्येकाला धोका. गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडणे हा दुसरा मार्ग. सुजलेल्या गळ्यात तो अवघड, आणि फवारा त्यातही उडतोच. तिसरा मार्ग असा, की भूल न देता, रुग्ण अर्धवट बसलेला असताना, जागा बधिर करून जबड्याखाली छेद घ्यायचा आणि दाब मोकळा करायचा. ऑक्सिजनचे प्रमाण खोलीतल्या हवेवर ९६ टक्के होते, श्वासाला घरघर नव्हती. भूलतज्ज्ञ आधी तिसऱ्या मार्गाला तयार नव्हत्या. पू बाहेर पडताना रुग्ण घाबरला, तडफडला, श्वास अडला, तर हातात मिनिटे उरणार नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बरोबर होता. तडजोड अशी झाली: छेद स्थानिक बधिरतेत, पण कान-नाक-घशाचे सर्जन हात धुऊन, गळ्यावर खूण करून, शेजारी उभे. भूलतज्ज्ञ डोक्याशी, दुर्बीण तयार.

दोन्ही बाजूंना जबड्याखाली आणि हनुवटीखाली छेद घेतले. पू फारसा आला नाही. या आजारात सुरुवातीला पुवापेक्षा सुजेचाच भाग मोठा असतो, हे माहीत नसले तर सर्जनलाही वाटते की आपण चुकीच्या जागी शिरलो. निचऱ्यासाठी नळ्या ठेवल्या. शिरेतून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट आणि मेट्रोनिडॅझोल, बरोबर इन्सुलिन. रात्रभर अतिदक्षता विभागात बसवून ठेवले. मध्यरात्रीनंतर जीभ थोडी खाली आली आणि तिने चमचाभर पाणी गिळले.

स्वॅबचा अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला: निगेटिव्ह. अहवालासाठी थांबले असते तर छेद तीस तास उशिरा झाला असता.

मूळ दाढ तेव्हाच काढता आली नाही, तोंड उघडत नव्हते. चौथ्या दिवशी दोन बोटे मावण्याइतके तोंड उघडल्यावर ती चिमट्याने काढली. एअरोटर लागला नाही.

परिणाम

नवव्या दिवशी सुमनला घरी सोडले. हनुवटीखाली तीन व्रण राहिले. मधुमेहाचे निदान झाले. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) दहाच्या वर होते, म्हणजे साखर किमान काही महिन्यांपासून वाढलेली होती. दाढेची साधी लागण गळ्यापर्यंत का पसरली याचे निम्मे उत्तर त्या आकड्यात आहे. गोळ्या सुरू झाल्या.

'घरी सोडले' म्हणजे रुग्णालयातून सोडले, एवढेच. घर अडीचशे किलोमीटरवर. कारखान्याचा तळ रिकामा झालेला. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांनी धर्मशाळेत सोय केली आणि मे महिन्यात परवानगी मिळाल्यावर दोघे गावी गेले. तिथे चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरण. मुले शाळेच्या कुंपणाबाहेरून आईला बघून जायची.

पैशाचे गणित असे बसले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका लागत होती आणि ती गावातल्या पेटीत होती. शेजाऱ्याने कुलूप उघडून फोटो पाठवला, पण तोवर काही औषधे आणि तपासण्या बाहेरून झाल्या होत्या. ही योजना राज्यातल्या सगळ्या नागरिकांना खुली करण्याचा शासन निर्णय २३ मे २०२० चा, म्हणजे सुमन बाहेर पडल्यानंतरचा. कारखान्याने थोडी रक्कम दिली. बाकीची मुकादमाने दिली आणि पुढच्या हंगामाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ रकमेत, लिहून ठेवली.

निर्णयाच्या जागा

मागे वळून पाहताना चर्चा नेहमी दुसऱ्या दिवसाच्या फोनवर येते. त्या दंतवैद्याला नवीन माध्यमात, मध्यस्थामार्फत, न पाहिलेल्या रुग्णाला सल्ला द्यावा लागला. टेलिमेडिसिनची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्चला आली होती. आणीबाणी असेल तर रुग्णाला प्रत्यक्ष डॉक्टरकडे पाठवलेच पाहिजे असे त्यांत स्पष्ट आहे. पण त्यांतल्या व्याख्येत वैद्यकीय नोंदणी असलेले डॉक्टर येतात, दंतवैद्यांचा उल्लेख नाही. दंतवैद्य फोनवर काय करू शकतो आणि काय विचारलेच पाहिजे, हे त्या दिवशी त्याला कोणी लिहून दिलेले नव्हते.

इंग्लंडमध्ये २५ मार्चला नेहमीची दंतसेवा सरसकट थांबवली गेली. तिथेही पहिल्या पायरीवर फोनवरचा सल्ला, वेदनाशामक आणि गरज असेल तर अँटिबायोटिक एवढेच होते. फरक दुसऱ्या पायरीचा. तिथे ठरावीक तातडीची दंतकेंद्रे उभी करण्यात आली आणि फोनवरच्या दंतवैद्याला रुग्ण कुठे पाठवायचा याचे उत्तर होते. ती केंद्रे सुरू व्हायला वेळ लागला, लोक हैराण झाले, स्वतःच दात उपटल्याच्या बातम्या आल्या. सगळे आलबेल होते असे नाही. ८ जूनपासून तिथे चिकित्सालये टप्प्याटप्प्याने उघडली. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची दंतवैद्यांसाठीची सूचनावली १९ मेला आली: प्रतिबंधित क्षेत्रात चिकित्सालये बंद आणि फक्त फोनवर छाननी, रेड झोनमध्ये आणीबाणीचे उपचार, ऑरेंज-ग्रीनमध्ये तातडीचे आणि आणीबाणीचे. सुमनची दाढ दुखली ती त्याच्या पाच आठवडे आधी.

दुसरी जागा क्रोसिनची. इथे एक विचित्र गोष्ट आहे. मुकादमाने ताप लपवला तो स्वॅबच्या टेबलापासून तिला वाचवण्यासाठी. आणि तालुक्यात दिवसभर लोकांची तोंडे उघडून आत पाहणारा एकमेव दंतवैद्य त्याच टेबलावर बसलेला होता. ताप उघड झाला असता आणि ती १७ तारखेला संध्याकाळीच संशयित म्हणून तिकडे गेली असती, तर स्वॅबची काडी आत जात नाही हे त्याला पहिल्या क्षणी कळले असते. ती एक रात्र आधी रुग्णालयात पोहोचली असती.

तिसरी जागा वैद्यकीय अधिकाऱ्यांची. नियमाने तिला अलगीकरणात पाठवणे हा त्यांच्यासाठी सर्वांत बिनधोक निर्णय होता. तिथे ती दगावली असती तरी त्यांना कोणी जाब विचारला नसता. त्यांनी तो घेतला नाही, आणि तरीही त्यांनी नियम मोडला असे म्हणता येत नाही. संशयित हा शिक्का त्यांनी तिच्याबरोबर पाठवलाच.

वेगळे काय करता आले असते

फोनवर चार प्रश्न पुरले असते. स्वतःची किती बोटे तोंडात उभी मावतात? पाणी गिळता येते का? जीभ उचलल्यासारखी वाटते का, आवाज बदलला आहे का? सूज जबड्याच्या कडेच्या खाली, गळ्याकडे उतरली आहे का? एकाही प्रश्नाला दंतवैद्य लागत नाही, आशाताई विचारू शकते. त्यात पाचवा जोडावा: दुखणे कमी होऊन सूज वाढली का? 'कमी नाही वाटले तर फोन करा' या वाक्याचा इथे उपयोग झाला नाही, कारण तिला कमी वाटले होते.

दुसरे, प्रत्येक तालुक्यात एक दंतखुर्ची चालू ठेवायची, सगळ्या खासगी दंतवैद्यांनी पाळीपाळीने तिथे बसायचे, आणि जे मोजके किट आणि मास्क आहेत ते तिथेच जमा करायचे. वीस चिकित्सालये निम्म्या किटांनी बंद ठेवण्यापेक्षा एक पुऱ्या किटांनी उघडे ठेवणे शक्य होते. काही शहरांत संघटनांनी असे केलेही.

तिसरे अँटिबायोटिकबद्दल. कुजलेली दाढ जागेवर असताना, पुवाला वाट नसताना, गोळ्या आग विझवत नाहीत, फक्त धूर कमी करतात. महामारीत त्या लिहिल्या जाणारच, पर्याय नव्हता. मग चिठ्ठीबरोबर दुसऱ्या दिवशी उलट फोन दंतवैद्याने करायला हवा. रुग्णाच्या फोनची वाट पाहायची नाही. तो फोन झाला असता तर निम्म्याच गोळ्या घेतल्याचेही कळले असते.

चौथे, तापाच्या रांगेत थर्मल गनच्या आधी 'आज तापाची गोळी घेतली का' हा प्रश्न हवा, आणि तो अशा स्वरात, की हो म्हणणाऱ्याचा ट्रक चुकणार नाही. संबंधित आरोग्य केंद्राने पुढच्या हंगामात तपासणीच्या कागदावर हा प्रश्न आणि 'तोंड उघडते का' हे दोन्ही घातले. कारखान्यावर हंगामाच्या सुरुवातीला दंत तपासणी आणि साखर तपासणी करावी, हा त्यांचा प्रस्ताव मात्र मान्य झाला नाही.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. रुग्णालयातल्या मुख-शल्यचिकित्सकांचे म्हणणे की दुसऱ्या दिवशीच ती दाढ चिमट्याने काढता आली असती, एअरोटरशिवाय, जवळपास फवारा न उडवता. सगळ्या दंतोपचारांना एकाच धोक्याच्या खात्यात टाकल्यामुळे सर्वांत साधा आणि सर्वांत गरजेचा उपचारही बंद पडला. मलाही तसेच वाटते. फोनवरचे दंतवैद्य हे मान्य करत नाहीत. इतकी पोखरलेली खालची दाढ काढताना माथा मोडतो, मुळे आत राहतात, मग हाड कोरायला तेच यंत्र आणि तोच फवारा लागतो, असे ते म्हणतात. घरात ऐंशी ओलांडलेले वडील होते आणि हाताशी एक धुऊन वापरलेला मास्क होता, हेही ते सांगतात. रुग्णालयात दाढ अखंड निघाली, हे त्यांना दाखवले. दुसऱ्या दिवशी ती तशीच निघाली असती हे तुम्ही कशावरून सांगता, असे त्यांनी विचारले.